तुळईखालचं बोलणं

भूकंपाच्या वेळी आमच्या आगीच्या बंबावर हत्यारं म्हणजे पहारी, फावडी, दोर आणि ट्रकचे दोन तेलाचे जॅक. मी लातूरला नगरपालिकेत बंबावर होतो. शिक्षण सातवी नापास. पण जॅकचं एक शास्त्र उस्तादानं कानफटात मारून शिकवलं होतं: जेवढं वर उचललं, तेवढं लगेच खाली लाकडी ठोकळ्यांनी भरायचं. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची गाडी औशाच्या पलीकडं, माझ्या बायकोच्या माहेरच्या गावात लागली. गाव कसलं, ढीग. जाडजूड दगडी भिंती, वर हातभर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर बसलेलं. वरून पाऊस, त्यानं माती अजून जड. सासूबाईंच्या घराच्या ढिगाला कान लावला, तर आतून आवाज आला.

"कोण हाय?"

"मी हाय आई, जावई."

"जावाईबापू? तुमी कशाला आलाव एवढ्या पावसात?"

तुळई तिरपी पडली होती, तिच्या आडोशानं म्हातारी वाचली होती. जॅक लावून तुळई वीतभर उचलली. आत सरकून काखेत हात घातला असता तर ती बाहेर आली असती. तेवढ्यात ती ओरडली, "तुमी येऊ नका! अंगावर लुगडं न्हाई, मातीत अडकून फाटलंय. लेकीला येऊ द्या."

बायको ट्रॅक्टरवर बसून येत होती, हे मला ठाऊक होतं. आमच्यात सासू जावयापुढं डोईवरचा पदर ढळू देत नाही. मी टॉवेल आत टाकला. ती म्हणाली, त्यानं काय व्हतंय. मग मी ढिगाकडं पाठ करून बसलो. पाठ केली म्हणून ठोकळे भरायचेही राहिले.

आमच्या बंबाचा ड्रायव्हर लातुरात माझ्या शेजारच्या गल्लीतला मुसलमान, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "अरे पागल, शरम देखता क्या? खेंच उसकू!"

मी तसाच पाठमोरा बसून राहिलो.

"तू नई जाता तो मैं जाता. मेरी माँ समझके निकालता."

मी त्याचा दंड धरला. परक्या माणसाला कसं जाऊ द्यायचं, हेच माझ्या डोक्यात. "बस खाली," म्हणलं.

पाऊण तास म्हातारी बोलत होती आणि मी पाठमोरा, हो ला हो देत, हाव, हाव करत होतो. मग जमीन हलली. थोडीच हलली, पण जॅक कलंडला, तुळई खाली बसली आणि आतलं बोलणं थांबलं.

बायको आली तेव्हा मी म्हणलं, "आम्ही यायच्या आधीच गेल्या." ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि गाडीकडं निघून गेला.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. बायको क्लासच्या पोरींचे डबे करू लागली. बंबावर स्प्रेडर आला. तेलाच्या दाबावर चालणारा लोखंडी जबडाच तो, चेपलेला दरवाजा शेंग सोलावी तसा उघडतो. रेणापूरच्या रस्त्याला क्लासच्या पोरींची जीप ट्रकवर गेली. एक पोरगी आत अडकलेली.

"काका, इकडं बघू नका, कपडे फाटलेत."

"बघत न्हाई. पण ओढणार," म्हणलं. ठोकळे भरले, जबडा फाकवला, अंगावर ब्लँकेट टाकलं आणि ओढली. पाय गेला, पोरगी राहिली.

तिची आई पेढे घेऊन आमच्या घरी आली. ड्रायव्हर तेव्हा रिटायर झालेला, तोही बसला होता. पेढा तोंडात घालून म्हणाला, "उस दिन बी ऐसाच करना था, भाई."

बायको चहा घेऊन दारात उभी. "कोणत्या दिवशी?"

पाहुणे गेल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालील, डोकं आपटून घेईल. ती म्हणाली, "पाऊण तास बोलत व्हती?"

"हाव."

"काय काय बोलली?"

मला तीनच गोष्टी आठवल्या. म्हैस वाचली का विचारलं. पाणी मागितलं, ते नळकांड्यातनं सोडलं. बायकोचं नाव घेतलं.

"पाऊण तासात तीनच?" ती म्हणाली. "आई लाजली, तुमी लाजलाव, ते एक सोडा. पण तिचं बोलणं दाबून ठेवायचा तुमाला काय हक्क व्हता? माझ्या आईचं व्हतं ते."

पुन्हा तिनं भांडण काढलं नाही. फक्त कणीक मळताना मधेच विचारायची, "अजून काही आठवलं का?" एकदा मी मनानं रचून सांगितलं, की आई तुझ्या हातच्या भाकरीची आठवण काढत होती. तिनं लगेच ओळखलं. दोन दिवस मला नुसतं ताट सरकवलं.

पुढं बायको आजारी पडली. नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिच्या तोंडात नळी होती. तरी बोटानं खूण करून तिनं तेच विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

ती जाऊन आठ महिने झाले. परवा भांडी घासताना एक आठवलं. म्हातारी म्हणाली होती, "लेकीला म्हणावं, पावसाचं भिजत येऊ नको, डोक्यावर पोतं घे." हे रचलेलं नाही, खरं आहे. पातेलं हातात तसंच राहिलं आणि नळ वाहत होता.