आईने हात वर केला तेव्हा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणींना नाही, पप्पांना नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुमची-आमची गाठ पडायची नाही, म्हणून असेल. हाही भित्रेपणाच — पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

आम्ही मेलबर्नला, टार्निटमध्ये राहतो. पप्पा कराडचे, आयटीआय झालेले; इथे ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. आई सॅलड पॅक करायच्या कारखान्यात जाते. आमच्या घरातून युनिला गेलेली मी पहिली. लॉकडाऊन लागला तेव्हा माझं पहिलंच वर्ष होतं आणि ते मी पलंगावर मांडी घालून, लॅपटॉपसमोर काढत होते. लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जायचं. विचारणार कुणाला? हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. नाही — थोडं कारण म्हणूनच सांगतेय. ते वाक्य खोडायला हवं होतं. राहू दे.

माझा भाऊ तन्मय तेव्हा आठवीत होता. त्याची शाळा सरकारीच, पण तिथे हुशार मुलांचा एक वेगळा वर्ग आहे — चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत करायचा. प्रवेशासाठी परीक्षा असते. तिची तयारी मी त्याच्याकडून करून घेतली होती, सुट्टीतसुद्धा. तो त्या वर्गात गेला तेव्हा गणपतीच्या जेवणात नितीनकाका भेटले. पुण्याचे, बँकेत आयटीमध्ये मोठ्या जागेवर. त्यांचा आर्यन त्याच वर्गात. म्हणाले, "अरे वा, तुमचासुद्धा लागला का नंबर?" पप्पा हसले. मला ते 'सुद्धा' कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मग शाळा घरात आली, आणि पालकांचं भांडण सुरू झालं. त्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईच्या नावाने मीच होते, म्हणून मला सगळं वाचायला लागायचं. निम्मे म्हणत, ऑनलाइनच्या नावाखाली शाळा अभ्यास पातळ करतेय. मग साध्या वर्गात आणि आपल्यात फरक काय राहिला? नितीनकाका लिहायचे, लॉकडाऊन म्हणजे सुट्टी नव्हे. एक पंजाबी आंटी लिहायच्या, "अरे, बच्चे हैं, मशीन थोड़ी हैं." त्यावर कुणीतरी अंगठ्याची खूण टाकायचं आणि गाडी पुन्हा मूळपदावर. मला सगळ्यांची चीड यायची. सगळे 'मुलांबद्दल' बोलत होते. 'माझ्या मुलाबद्दल' एकही जण बोलत नव्हता.

आणि मी? माझ्या घरात काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं का?

माहीत होतं. तन्मय कॅमेरा बंद करून टेबलाखाली बसायचा. भुवयांचे केस उपटायचा — एका भुवईला मधेच टक्कल पडलं होतं. जेवायला बोलावलं की "not hungry." मी त्याला सांगायचे, सगळ्यांचंच असं चाललंय, उठ, गणितं काढ. आईला त्याने एकदा विचारलं, आई, मी मंद आहे का गं? त्या दिवशी तिने त्याला शब्द दिला — मी तुझ्या शाळेत बोलते.

शाळेने ऑनलाइन मीटिंग ठेवली. प्रश्न एवढाच होता — टर्मच्या शेवटची मोठी परीक्षा आणि अभ्यासाचा वेग आहे तसाच ठेवायचा, की मुलं शाळेत परत येईपर्यंत थांबायचं. लॅपटॉप माझा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो ठेवून आई नि मी शेजारी बसलो. आईने चांगला कुर्ता घातला होता, केस विंचरले होते. मला म्हणाली, "मी मराठीतच बोलते. तू नंतर इंग्लिशमधून सांग. आणि आपली माणसं हायत की त्यात, त्यास्नी तर कळंलच."

आपली माणसं. म्हणजे नितीनकाका.

पालक बराच वेळ बोलले. मग वर्गाच्या बाई म्हणाल्या, ज्यांच्या मुलांना हे जड जातंय, त्यांच्यापैकी कुणाला बोलायचंय का? कुणी बोललं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. स्क्रीनभर चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत खाली घातलेली मान. तेव्हा आईने हात वर केला. बटण बिटण काही नाही — शाळेत मूल करतं तसा, खराखुरा हात. बाई म्हणाल्या, यस, तन्मयची आई?

आई बोलायला लागली. आमचा माईक बंद होता.

तो बंद आहे हे मी विसरले होते — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं आहे. लाल खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. कुणीतरी चॅटमध्ये लिहिलंही, माईक सुरू करा. मी घाईघाईने उत्तर टाइप केलं, आईला इंग्रजी येत नाही, तिचं झालं की मी सांगते. मग सगळे सभ्यपणे थांबले. तिचे ओठ हलताना बघत राहिले. आणि आईला वाटलं, किती शांतपणे ऐकतायत.

ती सगळं बोलली. भुवई, टेबल, न जेवणं. त्याने तिला विचारलेला तो प्रश्न. हुशार लेकरू आहे हो, पण आत्ता मोडायला आलंय, थोडं थांबा, असं म्हणाली. रडली नाही. मी तिला इतकं नीट, सलग बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग आता."

मी माईक सुरू केला. आईला इंग्रजी समजायचं, सावकाश बोललं तर. मी मुद्दाम भरभर बोलले. म्हणाले, आईचं म्हणणं आहे की तन्मय सुरुवातीला जरा गोंधळला होता, पण आता छान चाललंय. वेग आणि परीक्षा आहे तशीच ठेवावी, असं आमच्या घरचं मत आहे.

बाई म्हणाल्या, थँक यू, तुम्ही बोललात ते फार बरं झालं. नितीनकाकांनी 'छान' म्हणून अंगठा वर केला. आईने हात जोडले.

का केलं? फिटरच्या पोराला झेपलं नाही, हे त्या चौकटींसमोर आमच्याच तोंडून जायला नको होतं म्हणून. तन्मय मागे पडला तर मी करून घेतलेली ती सगळी तयारी चुकीची ठरेल म्हणून. तेव्हा वाटलं होतं, त्याच्या भल्यासाठी करतेय. आज तसं वाटत नाही.

वेग तसाच राहिला, परीक्षाही झाली. माझ्या एकटीच्या बोलण्याने ठरलं असेल असं नाही — पण जड जातंय म्हणणारं एकच घर होतं, आणि तेही नाही म्हणालं. आई दोन-तीनदा म्हणाली, ऐकून तर चांगलं घेतलं, पण शाळेचंबी काही असंल. तिला त्यांचा राग आला नाही.

इथवरचंच असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आर्यनने तन्मयला गेम खेळताना सांगितलं — your mum told them to keep going, mate. तन्मय हेडफोन काढून स्वयंपाकघरात आला. आई पोळ्या लाटत होती, मी वरणाला फोडणी देत होते. त्याने विचारलं, तू मीटिंगमध्ये काय सांगितलंस? आई म्हणाली, "सगळं सांगितलं की रे बाळा. तुझं सगळं." तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "You're lying. Everyone heard you." आईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी सांगेन ना — मी शेजारीच तर बसले होते.

मी गॅस बारीक केला. "आर्यनला काय माहीत," एवढंच म्हणाले. तेही इतक्या हळू, की तन्मयने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. तो आत निघून गेला.

तन्मय परीक्षा पास झाला. भुवई पुन्हा आली. आता तो पप्पांशी बोलतो, माझ्याशी तर खूपच बोलतो — अभ्यासाचं, मित्रांचं, सगळं मलाच येऊन सांगतो. आईशी कामापुरतं, आणि तेही इंग्रजीत. शाळेचं काही असलं की म्हणतो, आईला नको, ताई तू चल. मी जाते.

मागच्या महिन्यात आई भाजी निवडत बसली होती. मधेच थांबून तिने विचारलं, "शीतल, त्या मीटिंगला मी नीट बोलले होते ना गं? का माझंच काही चुकलं?"

मी म्हणाले, नीट बोललीस आई, काही चुकलं नाही तुझं.

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. मी तिच्यासमोर बसले होते, घरात आम्ही दोघीच होतो. पुढचं मी बोलले नाही.