नोराचं माहेर

पूर्वज शोधायला बसलेल्या माणसाला पूर्वज सापडतीलच असं नाही, किस्से मात्र हमखास सापडतात. आमच्या जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या शनिवारच्या कंपूकडे ते इतके साठलेत की आता कुणी नुसतं "वॉल्श" म्हटलं तरी चहा सांडेपर्यंत हसू येतं.

कंपू जमतो नलिनीमावशींकडे. मावशी मूळच्या सांगलीच्या, निम्म्याहून जास्त आयुष्य इथे गेलं. यजमान क्लाउसकाका जर्मन, पण त्यांची आई नोरा आयर्लंडची. युद्धानंतर तिने एका जर्मन माणसाशी लग्न केलं म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं. तिनेही मग माहेरच्या गावाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

नोरा जाऊन बरीच वर्षं झाली. इथे कबरीची जागा ठरावीक मुदतीने मिळते. तिची मुदत येत्या हिवाळ्याआधी संपणार होती, मग दगड उचलून जागा दुसऱ्याला. काकांना तो दगड आईच्या गावी नेऊन ठेवायचा होता. पण गाव कुठलं? हाताशी होतं ते एवढंच: मेयो परगणा, आडनाव वॉल्श आणि तिच्या थोरल्या भावाचं नाव, थॉमस पॅट्रिक वॉल्श.

"मेयोत वॉल्श शोधायचा म्हणजे सांगलीत पाटील शोधायचा," मावशी म्हणाल्या. आम्ही लॅपटॉप उघडले.

*

पहिल्याच दिवशी गाडी अडली. परदेशातल्या लोकांना ब्रिटिश आणि आयरिश पूर्वज शोधून द्यायला मदत करणारा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात नाव नोंदवताना काकांची जन्मतारीख विचारली.

"ही मी अनोळखी माणसांना का द्यायची? डाटेनशुट्झ! खाजगी माहिती जपायला नको?" काकांनी हात आखडता घेतला. त्या वेळी त्यांच्या पुढ्यात कुणा परक्या कुटुंबाच्या चार पिढ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उघड्या होत्या.

"अहो क्लाउस," मावशी म्हणाल्या, "लोकांच्या पणज्यांची वयं काढलीत, आता स्वतःचं सांगायला लाजता?"

शेवटी मावशींनी स्वतःच्या नावाने खातं उघडलं.

*

आमच्यातला अविनाश र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने कामाचा ताबा घेतला आणि बघता बघता झाड उभं केलं. थॉमस, त्याचे वडील पॅट्रिक, पॅट्रिकचे वडील, त्यांचे आजोबा. एका पणजीला तर घोडा चोरल्याबद्दल तुरुंगवास झाला होता. काका त्या पणजीच्या प्रेमातच पडले. आल्यागेल्याला तिची गोष्ट सांगू लागले.

ग्रुपवर फर्गस नावाचे निवृत्त गणिताचे मास्तर होते. त्यांनी विचारलं, "पॅट्रिक हे वडील, हे कशावरून?"

अविनाश म्हणाला, "कशावरून काय? मधलं नाव आहे ना."

फर्गसमास्तरांना कळायला वेळ लागला. मग त्यांचं उत्तर आलं, "कुटुंब फार छान शोधलंत. फक्त ते तुमचं नाही."

घोडेचोर पणजी हातची गेल्याचं दुःख काकांना अजून आहे.

*

अविनाशचा खरा रस वेगळाच होता. त्याचे डोळे घारे. "पणजोबांच्या वेळी दापोलीला गोऱ्यांची छावणी होती," असं तो सूचकपणे म्हणायचा.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हळू बोल रे. तुझी पणजी वरून ऐकत असेल."

त्याने डीएनए टेस्ट केली. रिझल्ट आला. त्याच्या घराण्यातलं कुणी कोकण सोडून फारसं कुठे गेलेलंच दिसेना. अविनाशने त्या कंपनीला ईमेल केली, "नमुन्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता तपासावी." आमच्या मते आजवर एवढ्या शुद्ध कोकणस्थाला एवढं वाईट वाटलेलं नाही.

*

सासूबाईंना कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. त्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "थोरला मुलगा थॉमस ना? मग आजोबा थॉमस असणार. आपल्याकडे नाही का ठेवत?"

"बेवाइस?" काकांनी लगेच पुरावा मागितला.

"पुरावा कसला? आजोबांचं नाव ठेवलं नाही तर आजी घरात राहू देईल का सुनेला?"

आम्ही बिचकत फर्गसमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडेही अगदी हीच रीत होती. ढीगभर वॉल्शांमधून आजोबा थॉमस, नातू थॉमस आणि नात नोरा अशी घरं चाळली, तेव्हा दोनच उरली. काका उठले, सासूबाईंपुढे झुकले आणि म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर." सासूबाईंनी त्यांच्या हातात शेंगांचं ताट दिलं.

*

दोन घरांवर मात्र सगळं थांबलं. उन्हाळा संपत आला. फ्रीडहोफवाल्यांची, म्हणजे दफनभूमीच्या कचेरीची, मुदतीची आठवण करून देणारी चिठ्ठी आली. त्या दिवशी काका जेवले नाहीत. मावशींनी सरळ फर्गसमास्तरांना व्हिडिओ कॉल लावला.

"मास्तर, तुम्ही मूळचे कुठले?"

"डब्लिनचा."

"आणि मिसेस? त्यांचं माहेर?"

"नलिनी, हा प्रश्न विषयाला धरून नाही," काका कुजबुजले.

मास्तरांच्या मिसेस मेयोच्याच निघाल्या. मग मावशींनी त्यांनाच पडद्यावर बोलावून विचारलं, भाऊ किती, वहिनी कुठली, वहिनीची बहीण कुठे दिली? आपल्याकडे लग्नात शेजारी बसलेल्या बाईशी ओळख काढतात, तशीच काढली. दोघी बायका बोलत राहिल्या. दोन्ही नवरे कडेला सरकले. वहिनीची बहीण त्या दोन घरांपैकी एकाच्या गावात दिलेली होती. आठवडाभरात तिचा निरोप आला: नोराची धाकटी बहीण ब्रीजी हयात आहे, बोलायला तयार आहे.

*

तो कॉल आम्ही सगळ्यांनी पाहिला. काकांनी टाय लावला होता. पडद्यावर नव्वदीच्या घरातल्या ब्रीजीमावशी, अंगावर शाल. त्यांचं नाक अगदी नोराचं होतं, ते काकांनी आम्हाला नंतर सांगितलं.

काकांनी टाय सरळ केला आणि नीट विचारलं, "माझ्या आईचा दगड तुमच्या गावच्या दफनभूमीत ठेवायचा असेल, तर कुणाची परवानगी लागेल?"

ब्रीजीमावशी म्हणाल्या, "वेगळा दगड कशाला, बाळा? आमच्या बाबांनी तिचं नाव घरात कधी घेऊ दिलं नाही. पण आई गेली तेव्हा बाबांनी स्वतः गवंड्यापुढे उभं राहून दगड कोरून घेतला. वर आईचं नाव. मग एक ओळ कोरी ठेवायला लावली. तिच्याखाली स्वतःच्या नावाची जागा. गवंड्याने विचारलं, मधे काय लिहू? बाबा म्हणाले, राहू दे तशीच. ती अजून तशीच आहे."

नलिनीमावशींनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिशातून पेन काढलं.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "ती ओळ किती सेंटिमीटर उंच आहे?"