सात नंबरचा खडक

चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही, कबूल? मगच सांगते. तो माळ आठवला की अजून मान खाली जाते हो माझी!

मी राहते पडेगावला, पण माझं संशोधन पिशोरकडच्या माळावर. गवतावर! तिथं मी बारा चौकोन आखले, नंबर टाकले आणि गुडघे टेकून एकेका चौकोनातलं गवत मोजलं. चार नंबरात कोंडिबामामांची मेंढरं चरायची. सात नंबर म्हणजे नुसता खडक.

ही मोजणी मी एका जुन्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. बनवणाऱ्यानं ते कधीच वाऱ्यावर सोडलेलं. पण उत्तर कसं झटक्यात आलं! चार नंबरला टक्कल, सात नंबर हिरवागार.

आता खडकावर गवत? शेंबड्या पोरालाही शंका आली असती. मी मात्र 'खडकाच्या फटीत ओल टिकते' यावर दोन पानं लिहिली! तेवढ्यावर थांबले असते तर? पण नाही. गावच्या बैठकीत जाऊन नकाशाच टांगला. मेंढरांनी माळ संपवला म्हणून सांगितलं.

कोंडिबामामा मागून म्हणाले, "ताई, सातला आमचं मेंढरू तोंडबी घालीत नाय. तिथं हाय काय?"

"मामा, कॉम्प्युटर खोटं बोलत नसतो."

"व्हय? मंग आमचंच चुकलं आसंल."

गावानं माळ बंद केला. मामा रोज मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं जाऊ लागले, या वयात. माझ्यामुळं.

पंधरा दिवसांनी मी ऐटीत सात नंबरचा फोटो काढायला गेले. तिथं एक सरडा होता. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. गवताची काडी नाही! वही उघडली, तर माझ्याच अक्षरात: 'सात – खडक. गवत नाही.'

झालं असं होतं, की सॉफ्टवेअरनं न विचारता नुसता पहिला अंक बघून नंबर लावले. एक, मग दहा, अकरा, बारा आणि मग दोन! नंबर हलले, गवताचे आकडे जागेवरच राहिले. सातचा खडक जाऊन बसला मामांच्या चारवर, आणि दहाचं गवत उगवलं सातवर. आणि चूक झाल्याची साधी सूचनासुद्धा नाही.

मी त्याच दिवशी बैठक बोलवायला लावली, सगळ्यांसमोर चूक कबूल केली, माळ खुला झाला. मग मामांच्या मेंढवाड्यावर गेले. मेंढरं नुकतीच परतली होती आणि मामा कोकरं दूध प्यायला सोडत होते. काय तो कालवा!

मी सगळं सांगितलं. मामा चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी एकाचे आकडे दुसऱ्याच्या दारात गेले?"

"हो मामा."

समोर एक कोकरू गडबडीत भलत्याच मेंढीखाली घुसलं. तिनं मागं वळून त्याला हुंगलं आणि लाथ घालून हाकललं.

मामा माझ्याकडं वळले. "मेंढीबी हुंगल्याबिगर पाजीत नाय, ताई. तुमी हुंगलं नव्हतं व्हय?"