वक्कल अख्खं उचलायचं

त्या शाळेच्या फाटकासमोरच सिग्नल आहे. लाल दिवा लागला की मला तिथं थांबावं लागतं आणि कमानीवरचा फलक वाचावा लागतो. मुलींच्या खो-खोत जिल्ह्यात प्रथम, विभागीय स्पर्धेसाठी निवड. फलक उन्हानं फिकट पडलाय, तरी उतरवलेला नाही. मी तो वाचतो आणि हॉर्न वाजवतो. पुढं गाडी नसली तरी वाजवतो.

माझा धंदा कोथिंबीर आणि मेथीचा. दिंडोरीकडच्या गावातून नाशिकला आलो तेव्हा बाजारात दुसऱ्यांच्या जुड्या डोक्यावर वाहायचो. आज माझा स्वतःचा गाळा आहे आणि माझा माल रोज मुंबईला जातो. शिक्षण दहावी नापास. पण समोरच्याला माल किती हवा आहे हे मी त्याच्या डोळ्यांवरून ओळखतो, आणि मला किती हवा आहे हे कोणाला कळू देत नाही. या दोन गोष्टींवर घर बांधलं.

मुलगी मात्र महापालिकेच्या शाळेत होती. नातेवाईक टोमणे मारायचे, "एवढा पैसा काय वर घेऊन जाणार का?" शाळा घराजवळ होती म्हणून घातली होती, पुढं ती खो-खोच्या नादी लागली आणि काढायचा विषयच संपला. खो-खो शिकवणाऱ्या बाई बारीक अंगाच्या, पदर खोचून शिट्टी फुंकणाऱ्या. शाळा सुटली की त्या मुलींकडून मैदानावर पाणी मारून घ्यायच्या, मग सगळ्यांनी मिळून पायांनी माती चोपायची आणि मगच खेळायचं. आपण चोपलेल्या मातीवर पडायची भीती वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेचा नळ आटला तेव्हा मी टँकर पाठवायला लागलो. बाईंनी मागितला नव्हता.

त्या संघात दोघी वरच्या होत्या. पळण्यात माझी मुलगी आणि पाठलागात माझ्या टेम्पोवाल्याची. दोघी बहिणींसारख्या, एकीचा डबा दुसरी खाणार.

एका संध्याकाळी लिलाव चालू असताना सिग्नलसमोरच्या त्या मोठ्या खासगी शाळेचे खेळाचे सर माझ्या गाळ्यावर आले. पांढरे बूट चिखलातून जपत, एकेक पाऊल उचलत आले.

"तुमच्या मुलीचा गेम पाहिला. टॅलेंट आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे फी माफ. किट, बूट, बस, सगळं शाळेचं."

मी चहा सांगितला. "किती जणी हव्यात?"

"दोघी. तुमची, आणि ती चेस करणारी."

"संघ बारा जणींचा आहे."

"बाकीच्यांची आम्हाला गरज नाही."

मी समोरच्या कोथिंबिरीच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "सर, याला आम्ही वक्कल म्हणतो. एका शेतकऱ्याचा सगळा माल. वर ताज्या जुड्या, खाली थोड्या दबलेल्या. इथं वरच्या-वरच्या निवडून कोणी नेत नाही. वक्कल अख्खं उचलायचं. बारा मुली आणि वर बाई. घेता?"

सर हसले. "अहो, मुली आहेत त्या, भाजी नाही."

"मग बाजारात कशाला आलात भाव करायला?"

अर्धा चहा टाकून ते उठले. गिऱ्हाईक आपल्या गाळ्यावरून उठलं म्हणजे बाजारातून गेलं असं नसतं, हे मला कळायला हवं होतं. ते सरळ पलीकडं गेले, जिथं टेम्पोवाला ताडपत्री बांधत होता. तिथं त्यांना बसायला खुर्चीही लागली नाही.

सर गेल्यावर मी त्याला गाठलं. "काय रे, दिलीस पोरगी?"

"लय मोठी शाळा हाय, शेठ."

"त्यांना तुझी पोर शाळेत नको आहे. फोटोत हवी आहे."

"फोटोत तर फोटोत. आमच्या घरात कोनाचा फोटो छापून आलाय आजवर?" त्यानं दोरी आवळली. "तुमाला नाय म्हनायला परवडतंय, शेठ. तुमी उद्या पैशे भरून बी पाठवाल. मला कोन दुसऱ्यांदा इचारनार हाय?"

"उद्यापासून माझा माल भरू नकोस," मी म्हणालो.

त्यानं बांधलेली ताडपत्री तिथंच सोडवली, भरलेला माल उतरवला, ताडपत्रीची घडी केली आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. त्याचं बोलणं खरं होतं की खोटं याचा विचार मी अजून केलेला नाही. करणारही नाही.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला तेच दोन संघ समोर आले. त्यांच्या बाजूला मांडव, खुर्च्या, थंड पाण्याचे जार आणि मोबाइल वर धरून "कम ऑन गर्ल्स" करणारे आईबाप. आमच्या बाजूला बाई, एक माठ, वस्तीतल्या बायका आणि माझ्या गाळ्यावरचे दोन हमाल, ज्यांना खो-खोतलं काही कळत नव्हतं पण ओरडायला सांगितलं की ओरडत होते.

शेवटच्या डावात आमच्या मुलींना पळायचं होतं. शिट्टी होईपर्यंत एक जरी मुलगी उरली असती तर कप आमचा होता. उरली होती माझी मुलगी. तिची एक खोड होती. खांबाजवळ आली की डावा खांदा झुकवायची, पाठलाग करणारी डावीकडं कलली की ही उजवीकडून सटकायची. जिल्ह्यातल्या कोणाला ती खोड उमगली नव्हती. जिला ठाऊक होती ती आता त्यांच्या रांगेत खोची वाट बघत बसली होती.

तिला खो मिळाला. माझ्या मुलीनं खांदा झुकवला. टेम्पोवाल्याच्या मुलीनं खांद्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खांबाच्या उजव्या अंगाला तिनं स्वतःला लांबच्या लांब झोकून दिलं आणि तिची बोटं माझ्या मुलीच्या टाचेला लागली. पाठोपाठ शिट्टी झाली.

घरी येताना मी गाडीत म्हणालो, "ज्या ताटात जेवली त्यातच... थोडी हळू पळाली असती तर काय बिघडलं असतं तिचं?"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "तिनं मला मुद्दाम सोडलं असतं ना, तर मी जन्मात तिच्याशी बोलले नसते."

आजकालची मुलं बापाला असं बोलतात. मी गाडी जोरात चालवली.

खरा संताप पुढं आला. विभागीय स्पर्धा जळगावला होत्या, आणि जिंकलेली ती शाळा जाणारच नव्हती. बाईंना कळलं ते असं. ऐन त्याच दिवसांत त्यांच्या चाचणी परीक्षा आणि खासगी क्लास, निम्म्याहून जास्त आईबापांनी मुली पाठवायला नकार दिला. टेम्पोवाल्याची मुलगी बॅग भरून बसली होती, पण एकटीदुकटीनं खो-खो होत नाही. बाई त्या शाळेत गेल्या आणि विनंती केली, तुम्ही येत नाही एवढं क्रीडा कार्यालयाला कळवा, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या आमच्या मुलींना जाता येईल. उत्तर मिळालं, "विचार करून सांगतो." कमानीवर फलक लागला होता. तो खोटा कोण पाडणार?

आमच्या बाजारात बोली जिंकून माल उचलला नाही, तर तो दुसऱ्या बोलीवाल्याचा होतो. पालेभाजी कोणासाठी थांबत नाही. स्वतः उचलायचा नाही आणि दुसऱ्यालाही उचलू द्यायचा नाही, असं करणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणत नाही. जे म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही.

बाईंना म्हणालो, "आता मी जातो."

"दादा, चिडू नका तिथं."

"धंदा चिडून होतो का, बाई?"

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मुख्याध्यापिका मॅडमची खोली थंडगार, टेबलावर काच. मी आमच्या पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे आपल्यालाच माल नको आहे अशी. "आमच्या मुली जाऊन काय दिवे लावणार आहेत मॅडम, पहिल्याच सामन्यात हरतील. पण जिल्ह्याची जागा रिकामी राहिली तर लोक विचारतील, कोणीच का गेलं नाही. तुमचं नाव मोठं, म्हणून म्हटलं."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी पुष्कळ व्यापारी पाहिलेत, पण ही बाई माझ्या वरची निघाली. मला किती हवं आहे हे तिनं माझ्या इस्त्रीच्या शर्टावरूनच ओळखलं असणार.

"कळवू आम्ही," त्या म्हणाल्या. "मला फक्त ट्रस्टींना काहीतरी सांगता आलं पाहिजे. पुढच्या वर्षी तुमची मुलगी आमच्याकडे येत असेल, तर सोपं जाईल."

मी टेबलावर हात आपटला. काच वाजली. "पोरगी गहाण ठेवायला नाही आलो मी!"

"शांत व्हा. उद्या सांगितलंत तरी चालेल," मॅडम म्हणाल्या आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ते पाणी मी प्यायलो नाही.

हो म्हणून पुढच्या वर्षी शब्द फिरवता आला असता. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय. पण आमचा सगळा बाजार तोंडच्या शब्दावर चालतो. शब्द फिरवलेला माणूस दुसऱ्या दिवशी लिलावात उभा राहू शकत नाही. मी बाजारातला आहे, शाळेतला नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. मुलगी माझ्यापेक्षा जास्त भडकेल अशी खात्री होती. ती पोळीचा घास मोडत म्हणाली, "हो म्हणा."

"काय?"

"बाकीच्या जातील ना मग जळगावला? आणि तिकडं ती एकटी पडलीये. डबा एकटी खाते."

"अगं, तुला विकून?"

"अख्खं वक्कल ते उचलणार नाहीत, पप्पा. तुम्ही विचारलंत, ते नाही म्हणाले. मग एका जुडीवर बाकीच्यांचं काम होत असेल तर कशाला अडून बसता?"

बायको तव्याकडं तोंड करून हसत होती. मला पाठ दिसत होती, पण हसणं कळतं.

दुसऱ्या दिवशी मी शब्द दिला, पण अट घातली. फी पूर्ण भरणार, एक पैसा माफ नको. मॅडमना नवल वाटलं. फुकट घेतलेल्या मालाबद्दल तक्रार करता येत नाही, आणि तक्रार करायचा हक्क मला सोडायचा नव्हता.

मुली जळगावला गेल्या. दुसऱ्या सामन्यात हरल्या आणि घसे बसवून परत आल्या. येताना गाडीत इतक्या गायल्या की ड्रायव्हरनं कानात कापूस घातला, असं बाई सांगत होत्या. सांगताना बाईंचा घसाही बसलेला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच अंतिम सामना. बायको मांडवात जाऊन बसली. मी महापालिकेच्या बाजूला, माठाशेजारी.

"दादा, तिकडं बसा," बाई म्हणाल्या. "मुलगी तिकडं आहे तुमची."

"माझी जागा इथं आहे, बाई. मुलीची त्यांनी हलवली."

शेवटच्या डावात महापालिकेच्या मुली पाठलाग करत होत्या आणि पळणाऱ्यांत पुन्हा माझीच उरली होती. ती बाद झाली की कप आमचा. पाठलाग करणारी नवी होती, पायांनी चपळ पण बुजरी. ती खांबाजवळ आली तशी माझ्याच्यानं राहवेना. उभा राहून ओरडलो, "खांद्याकडं बघू नको! उजवीकडं पड! उजवीकडं!"

पोरीनं ऐकलं. जीव खाऊन उजवीकडं झेपावली. माझ्या मुलीनं डावा खांदा झुकवला आणि डावीकडूनच निघून गेली. पोर मातीत पालथी. शिट्टी झाली. मांडवात सगळे नाचायला लागले.

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून माठावर ठेवली. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही टँकर पाठवत जा. ओरडत नका जाऊ."

मुलगी आधी त्या पडलेल्या पोरीकडं गेली, तिच्या कोपराची माती झटकली, आणि मग माझ्यापाशी आली. धापा टाकत होती, पाठोपाठ टेम्पोवाल्याची मुलगीही आली.

"पप्पा, जुना भाव सांगत होतात तुम्ही."

"म्हणजे?"

"हिनं मला बाद केलं ना गेल्या वर्षी, तेव्हाच ती खोड मी सोडली. पण सोडली हे कोणाला कळू दिलं नाही. आणि तुम्ही ओरडणार हे मला माहीतच होतं."

घरी आल्यावर मी म्हणालो, "ही लबाडी त्या शाळेनंच शिकवली तिला."

"कोणी शिकवली ते सांगू का?" बायको म्हणाली.

"नको," मी म्हणालो.

कमानीवर आता पहिल्याच्या शेजारी दुसरा फलक लागला आहे. टेम्पोवाल्याशी मी अजून बोलत नाही. त्याच्या मुलीला मात्र माझ्या मुलीबरोबर रोज सकाळी त्याच फाटकाशी सोडतो, कारण ती शाळेची बस वस्तीत येत नाही. फुकट बस म्हणाले होते. लाल दिवा लागतो, मी वर बघतो आणि हॉर्नवर हात ठेवतो.

"पप्पा, नका ना वाजवू," मागून दोघी एकदम म्हणतात. "वॉचमनकाका ओळखतात आम्हाला."

मी वाजवतो.