आईच्या कपाळावरचा लाल

इथे आखातात, ओलाया भागातल्या नवऱ्याच्या ऑफिसातले जपानी साहेब मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर आमच्या घरी आलं. बारा महिने, चितारलेल्या बारा बायका. मी तर बघतच राहिले. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला आम्ही नाकाची सावली घोटून घोटून कागद काळा करायचो. इथे सावली नावालाही नाही! कानामागून निघालेली एकच रेघ मानेवरून खांद्यापर्यंत उतरते, की बाई जिवंत. चेहरा कोऱ्या कागदाचा, आणि ओठांवर लालचा एवढासा ठिपका.

ती मान बघून आई आठवली. नाशिकला शिलाई मशीनवर ब्लाउज शिवताना ती अशीच वाकायची. शाळेतून आले की आधी तिची मानच दिसायची मला. कुठे गेले ते दिवस!

यंदा तिची पंचाहत्तरी, आणि माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकलेला. तो हातात येईस्तोवर देशाबाहेर पाऊल टाकता येईना. म्हटलं, चित्र तरी पाठवू.

आठवडाभर त्या रेघेशी झटले. हात जरा थबकला की रेघ मेलीच. "मम्मा, ट्रेस कर ना," लेक म्हणायची. "गप गं!" शेवटी एका दुपारी एका दमात उतरली. साडीला सपाट हिरवा दिला. राहिला लाल. आईनं जन्मात लिपस्टिक लावली नाही, म्हणून तो मी कपाळावर टेकवला. चित्राची एकदम आई झाली. वाढदिवसाच्या सकाळी फोटो काढून पाठवलासुद्धा.

आणि मग आठवलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आईच्या कपाळाला कुंकू नाही, घरात कोणी तो विषयही काढत नाही. आणि मी पोटची पोर, नेमकी आजच्या दिवशी! डिलीट करायला धावले, तर दोन्ही खुणा निळ्या.

तेवढ्यात तिचाच फोन.

"रेघ छान आलीय गं."

"आई, चुकलं माझं. डोळ्यांसमोर तू तेव्हाचीच होतीस. पुसते मी ते."

"खबरदार पुसलंस तर! आत्ताच तुझ्या काकूला दाखवून आले. हे गेले तेव्हा तिनंच पुसलं होतं माझं, मला न विचारता." मग म्हणाली, "चित्र पाठवून दे, फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. हा लाल उडत नाही ना, तेवढं सांग."