सीमेपलीकडचा फोन

दुभाषीबाईंचं काम ऐकायला जेवढं मोठं, करायला तेवढंच किरकोळ होतं. दोन्ही शेजारी देशांकडे एकमेकांची राखरांगोळी करण्याइतके अणुबॉम्ब होते. उगाच गैरसमजातून तसं काही होऊ नये म्हणून दोन सैन्यांमध्ये एक थेट फोन ठेवला होता. मुख्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. दर मंगळवारी सकाळी बाई पलीकडच्या भाषेत विचारायच्या, "आवाज येतोय का?" पलीकडचा माणूस म्हणायचा, "येतोय." की फोन खाली. याहून जास्त बोलायची परवानगी नव्हती. तेवढ्या एका शब्दावरून बाईंना त्याचं पडसं कळायचं, घाई कळायची, आणि एकदा तर त्याच्या घरचं कुणीतरी गेलंय हेही कळलं होतं.

घरी नवरा शिंपीकाम करायचा. बातम्यांत दोन देशांची जुंपली की सासूबाई बाईंना विचारत, "मोठ्या पातेल्यांत पाणी भरून ठेवू का गं?" बाई नको म्हणाल्या की अख्खी गल्ली निर्धास्त झोपायची.

पुढे पलीकडच्यांनी नवी क्षेपणास्त्रं घेतली. म्हणून इकडच्यांनी त्याहून वेगवान घेतली. वेग वाढला तसा विचार करायला मिळणारा वेळ आटला, म्हणून तो वाचवायला एक यंत्र आणलं. आता पडद्यावर लिहून निरोप जाणार होता. चार अधिकाऱ्यांनी होकार दिला की झालं. जुना फोन महिनाअखेरीस काढायचं ठरलं.

त्याआधीच एका दुपारी तळावर दुरुस्ती चालू असताना इकडचं एक क्षेपणास्त्र आपणहून सुटलं आणि पलीकडच्या एका गोदामाचं छप्पर फोडून जमिनीत रुतलं. स्फोटकं बसवलेली नव्हती, कुणी दगावलं नाही. पण ते चुकून सुटलंय आणि रिकामं आहे हे इकडच्यांना माहीत होतं, पलीकडच्यांना नव्हतं.

यंत्राचे प्रमुख मेजर धावत खाली आले. चुकून सुटलं, स्फोटकं नाहीत, असा निरोप तयार होता, तीन होकारही मिळाले होते. चौथे साहेब दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. मंगळवार नव्हता.

"बाई," पलीकडचा म्हणाला, "हे काय आहे?"

मेजरांनी ओठांवर बोट ठेवलं. मजकूर मंजूर झाल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही, असं त्यांनी कुजबुजत बजावलं. बाईंना फोनमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. कुणीतरी मोठ्याने हुकूम सोडत होतं, आणि ते सगळे हुकूम बाईंना समजत होते.

"चुकून सुटलंय," त्या म्हणाल्या. "रिकामं आहे. दुसरं येणार नाही."

मेजर स्टुलावर बसले.

"हे तुम्ही सांगताय, की तुमचे साहेब?"

"मी सांगतेय. साहेब शब्द जुळवतायत."

त्याने तेच वाक्य जसंच्या तसं कुणाला तरी सांगितलं. बराच वेळ वादावादी चालली. शेवटी तो परत आला आणि म्हणाला, "थांबतो म्हणतायत. पण फोन ठेवू नका." बाईंनी ठेवला नाही. चौथा होकार आला तेव्हा त्यांचा कान लालबुंद झाला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना चपलाही काढता येईनात. ऑफिसात कुणाशी भांडलीस का, असं नवऱ्याने विचारलं. "थोडं बोलणं झालं," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्याने गुडघ्यावर बसून चपलांचे पट्टे सोडले.

रीतसर चौकशी झाली. दुसरं येणार नाही हे कशावरून म्हणालात, असं समितीने विचारलं. बाई म्हणाल्या, "अंदाजाने. पण आलं असतं, तर ही चौकशी झाली नसती." समितीने हे वाक्य नोंदवून घेतलं नाही. बोला असं मीच सांगितलं होतं, अशी साक्ष मेजरांनी दिली. ती धादांत खोटी होती. त्यांची बदली एका डोंगरातल्या चौकीवर झाली. बाईंना ताकीद मिळाली. फोन काढायच्या कागदावर मात्र सही करायला कुणी पुढे येईना, म्हणून तो तसाच राहिला.

निघण्याआधी मेजर निरोप घ्यायला आले. तुम्हाला खरंच खात्री नव्हती का, असं त्यांनी विचारलं.

"नव्हती," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"मलाही नव्हती."

बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. डोंगरात थंडी फार असते, लोकरीचे मोजे घेऊन जा, असं सांगितलं.