टोकावड्याच्या माळावरची झाडं

बागकामाच्या मंडळात किती झाडं जगली, हे अहवालात लिहावं लागतं. बाकीचं कुठेच लिहिता येत नाही, मग ते डोक्यात साठत जातं. नव्वदच्या दशकात शहापुरात आम्ही दहा-बारा जणांनी हौसेनं मंडळ काढलं. मी सेक्रेटरी, आणि निवृत्त हेडमास्तर नाना अध्यक्ष. त्या मंडळात मला जेवढे धक्के बसले तेवढे नोकरीतही बसले नाहीत, आणि माझी नोकरी दवाखान्यातली होती!

*

पहिलंच वृक्षारोपण. रस्त्याच्या कडेला चाळीस रोपं. खड्ड्यात रोपं बसवायला नाना स्वतः, घामाघूम. आम्ही बाकीचे पाणी घालायला आणि फोटोला. दीड महिन्यात एकूण एक रोप वाळलं. पाणी होतं, कुंपण होतं, मग झालं काय? मी एक रोप उपटून पाहिलं. खाली काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी! दुसरं उपटलं, तेच. चाळीसच्या चाळीस!

“नाना, पिशवी काढून लावायचं असतं हो!”

“अगं सुमन, पिशवी काढली असती तर माती नसती का सांडली?”

या माणसानं तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं होतं. हा किस्सा पुढे सगळीकडे पोचला. नाना जातील तिथे लोक आधी पिशवीची चौकशी करायचे.

*

मग ‘सुंदर गॅलरी’ स्पर्धा. परीक्षक मी आणि नाना. पहिल्या घरी शेवंतीच्या कुंड्या बघून जीव हरखला. दुसऱ्या घरी तशाच शेवंत्या. तिसऱ्या घरी मी थबकले. एका कुंडीचा काठ तुटलेला होता, आणि तोच तुटका काठ मी पहिल्या घरी पाहिला होता. आम्ही पुढच्या खोलीत चहा पीत होतो तोवर कुंड्या मागच्या गल्लीनं आमच्या पुढे पळत होत्या!

मी घरच्या बाईंना तो काठ दाखवला. त्या जराही न लाजता म्हणाल्या, “तुळस मात्र घरचीच आहे हं!”

तुळशीला उत्तेजनार्थ दिलं.

*

मुरबाडजवळच्या एका शाळेत प्रत्येक रोपाशी ते लावणाऱ्या मुलाच्या नावाची पाटी ठोकली. कल्पना माझी. उन्हाळ्यात जाऊन बघते तर रोपं शेळ्यांनी फस्त केलेली, पाट्या शाबूत. उघड्या जमिनीवर रांगेनं साठ नावं! रस्त्यानं चाललेल्या एका म्हातारीनं चपला काढल्या, हात जोडले आणि मला विचारलं, “कवा गेली गो ही सगली?”

पाट्या त्याच दिवशी उपटल्या.

*

पण आमचं खरं मोठं काम टोकावड्याजवळच्या माळावरचं. ग्रामपंचायतीनं माळ तीन वर्षांसाठी दिला. अट एकच: तिसऱ्या उन्हाळ्याअखेर सरपंचांच्या पाहणीत झाडं उभी दिसली तर माळ पुढेही आमच्याकडे, नाहीतर परत. राखणीला वाडीवरची हिराबाई. दर वर्षी दिवाळीनंतर ती बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायची. राखणीचं काम मिळालं, ते जाणं थांबलं आणि तिची लेक शाळेत बसायला लागली.

“ही जागा गेली का आमी चाललो परत भट्टीवर,” ती दर भेटीत सांगायची.

पहिल्या वर्षी पुस्तकात वाचून आम्ही प्रत्येक रोपाच्या बुडाशी सुक्या पाल्याचा जाड थर दिला, ओल टिकावी म्हणून. मार्चमध्ये गेलो तर माळ झाडून काढल्यासारखा साफ! शेजारच्या शेतातल्या गणपतमामांनी पाला राबासाठी नेला होता. भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब.

“आमाला वाटला, तुमी आमच्यासाठीच गोला केलाव!” मामांनी वर आभारही मानले.

नानांनी गावाची मीटिंग घेतली, तासभर बोलले आणि पाल्याला कोणी हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं.

*

गावानं शब्द पाळला. दुसरा उन्हाळा बरा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात टोकावड्याच्या एसटीडी बूथवरून फोन आला. मामांनी आपल्या शेतात राब पेटवला, वारा फिरला, ठिणगी माळावर आली आणि आमचा पाला या रोपाकडून त्या रोपाकडे पेटत गेला. दोनशेच्या दोनशे रोपं काळी! मी माळावर उभी राहून रडले.

मामा म्हणाले, “ताई, आमी पाला नेला तवा झाडा जगली. तुमीच नेऊ दिला नाय!”

 जागा परत करतो असं पत्र देऊन टाकू, नाना म्हणाले. हिराबाईनं त्यांचा हात धरला.

“पत्र नका देव, नाना. पाहनीला फकत या.”

*

पाहणीच्या सकाळी एसटीतून उतरलो आणि मी जागच्या जागी थिजले. माळ हिरवा! दोनशे खड्ड्यांत दोनशे झाडं, माझ्या खांद्याएवढी. जवळ गेले तर शेताच्या कुंपणाला खोचतात त्या काटेरी पांगाऱ्याच्या तोडून आणलेल्या फांद्या, शेंड्याला चार-चार पानं. वाडीच्या बायका ओळीनं उभ्या, तळहात काट्यांनी सोललेले. मला त्या पळणाऱ्या शेवंत्याच आठवल्या.

“हिराबाई, ही फसवणूक आहे गं!” मी कुजबुजले.

“गप रहा, ताई.”

सरपंच जन्माचे शेतकरी. त्यांनी एका फांदीला हात लावला, शेंडा बघितला, बुंधा बघितला, मग हिराबाईकडे बघितलं. “पानी घालत रहा,” म्हणाले आणि कागदावर सही केली.

मला अडीच महिने चैन पडलं नाही. शेवटी नाना आणि मी ठरवूनच गेलो: फांद्या उपटायच्या आणि सरपंचांना खरं काय ते सांगायचं. हिराबाई भाताच्या शेतातून चिखलाच्या पायांनी वर आली आणि बाजूला उभी राहिली. नानांनी पहिली फांदी दोन्ही हातांनी धरून ओढली. मग पाय रोवून पुन्हा ओढली. चेहरा लालबुंद झाला.

“सुमन,” ते धापा टाकत म्हणाले, “ही निघत नाहीये गं!”

हिराबाईनं पदरानं हात पुसले.

“पिशवी काडून लावलीय, नाना.”